अध्याय अर्धा सोडायचा नाही

ज्यांची पहिली सलाईन येत्या आठवड्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधीच सांगते, यात पपईच्या पानांचा रस नाही, गव्हांकुर नाही आणि 'पॉझिटिव्ह राहा' तर अजिबात नाही. ते सांगायला तुमच्याकडे नातेवाईक असतील. माझ्याकडेही होते, देवाच्या दयेने भरपूर. त्या खुर्चीत बसायला जाताना बरोबर काय न्यावं, एवढंच मी सांगणार आहे. मी एक कादंबरी नेली होती. आणि नेण्याचं कारण काही फार चांगलं नव्हतं. कुणी माझ्याशी बोलायला येऊ नये म्हणून नेली होती.

मी ब्लाउज शिवते. गंगापूर रोडला एका बिल्डिंगच्या तळघरात माझं छोटं दुकान आहे. बायकांच्या छातीची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं. कुणाची एक बाजू दुसरीपेक्षा जरा मोठी असते, ती बाई सांगत नाही, पण टेपला कळतं आणि मी गुपचूप तसं कापते. आणि मला स्वतःला काय कळलं? अंगातला ब्लाउज डाव्या बाजूने ओढायला लागला, तर मी म्हटलं, मेलं कापड आटलं. उसवला आणि पुन्हा शिवला. दुसऱ्यांदा ओढायला लागला तर पुन्हा उसवला, टक्स सैल केला. सगळा दोष कापडाला. दुसरी कुठली बाई असती तर तिने आधी अंगाला हात लावून बघितलं असतं. मी शिवणीला हात लावत बसले. तिसऱ्यांदा ट्रायल घेताना बोटाखाली ती गाठ आली.

साखर जास्त आहे

रिपोर्ट घ्यायला हे बरोबर होते. हे म्हणजे माझे मिस्टर. सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे त्यांचं. लोक जळालेल्या मोटारी आणून टाकतात, हे दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसतात. बोलणं अगदी कमी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लाजतात. नंतर कळलं, माणूसच तसा आहे.

डॉक्टर भले होते. पेन उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. 'कॅन्सर' हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. त्यानंतर आमच्या घरात तो कुणीही तोंडातून काढला नाही. 'गाठ' म्हणायचे, 'ते' म्हणायचे. माझा निफाडचा भाऊ तर फोनवर 'शैलाचं ते प्रकरण' म्हणायचा, जशी काही मी कुणाचा हात धरून पळून चालले होते!

दवाखान्यातून बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चहा घेऊ." टपरीवर उभे राहिलो. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. दोन घोट घेतले आणि म्हणाले, "साखर जास्त आहे." बस. गाडी काढायला गेले. मी त्यांना म्हटलं, मला दुकानात सोडा. एका मुलीचं लग्न होतं, तिचे ब्लाउज द्यायचे होते. हुक लावता लावता रडले. कापडावर डाग पडू नये म्हणून मान बाजूला करून रडले. इतकी वर्षं धंदा केल्यावर तेवढी शिस्त अंगात येते.

ऑपरेशन झालं, एक बाजू गेली. त्यावर लांबण लावत नाही. ज्यांची गेलीय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. मला लागलं ते दुसरंच. घरी आलो त्या दिवशी यांनी आपली गादी उचलून हॉलमध्ये टाकली. "तुला नीट झोप लागेल," म्हणाले. ठीक आहे. मग टाके निघाले, जखम भरून आली, तरी गादी हॉलमध्येच. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि यांनी खरंखरं सांगून टाकलं असतं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं वाटायचं.

घरात माणसांची नुसती रीघ होती. पुण्याहून मुलगी आली, राहून गेली. भावाने द्राक्षाची पेटी पाठवली, आणि सलाईनमुळे न शिजवलेली फळं मला बंद आहेत हे कळल्यावर माझ्यासमोर बसून स्वतःच खाल्ली. सगळे येत होते, डबे आणत होते, जात होते. आणि मी इतकी एकटी आयुष्यात कधी नव्हते. हे खरं आहे म्हणून लिहितेय. तुमचंही तसं होईल कदाचित. तेव्हा आपल्यातच काही खोट आहे असं समजू नका.

पोथी शे का?

दर तीन आठवड्यांनी सलाईन, म्हणजे किमो. मोठी खोली, मागे कलणाऱ्या रेक्झिनच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीजवळ स्टँड. नातेवाइकांना आत बसू देत नसत, त्यांच्यासाठी बाहेर पॅसेजमध्ये बाकडं होतं. माझी खुर्ची दाराला लागून. दार कायम उघडं, कारण सिस्टरची ये-जा सुरूच असे. हे दाराच्या पलीकडे बाकड्यावर बसायचे, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. पत्ते खेळत असणार, असं मी धरून चालले होते.

कादंबरी लायब्ररीतून आणलेली. जुनी, सुरुवातीची पानंच गेलेली, त्यामुळे नाव काय, कुणाची, काही पत्ता नाही. जाड निळ्या पुठ्ठ्याचं बाइंडिंग. नदीकाठचं एक गाव आणि त्यात द्वारका नावाची बाई. नवरा होडी चालवायचा, तो कामासाठी म्हणून परगावी गेला आणि आलाच नाही. होडी काठावर पडून सडायला लागली तेव्हा द्वारकाने वल्हं हातात घेतलं. आता नदीवर पूल होणार म्हणतात. एवढीच गोष्ट.

दुसऱ्या सलाईनला मी पुस्तक उघडून तोंडापुढे धरलं. शेजारच्या खुर्चीत साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. चांगल्या ठसठशीत, हातात पाटल्या. केस आमचे सगळ्यांचेच गेलेले, पण त्यांनी पदर असा काही लपेटून घेतला होता की हौसेनेच घेतलाय असं वाटावं. सटाण्याच्या पुढचं गाव, घरचा कांद्याचा व्यापार. सिस्टरपासून सगळे त्यांना अक्का म्हणत. औषधाने त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, रुमालाने टिपत बसायच्या.

"काय वाची राहिन्या ताई? पोथी शे का?"

"नाही, कादंबरी आहे," मी म्हटलं आणि पान उलटलं. म्हणजे बोलणं संपलं. कुठल्याही बाईला हे कळतं. अक्कांना नाही कळलं.

"मग मोठ्यानं वाचा की. मनातल्या मनात काय वाचायचं?"

"अहो, ही पोथी नाहीये."

"नसू द्या. दर श्रावणात मी घरी पोथी लावते, स्वतः वाचते. आता डोळ्यांना हे पाणी. अक्षर दिसत नही." त्या माझ्याशी शहरी बोलायचा प्रयत्न करायच्या, पण मधूनच त्यांची अहिराणी डोकवायची. "तुम्ही वाचा. मी ऐकते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पैसे भरून सलाईन घ्यायला आलेय की कीर्तन करायला? पण तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आल्या. ती सुई विसरायला काहीतरी हवं होतं. मी पुस्तक दुसऱ्या हातात धरलं आणि वाचायला लागले. तीन-चार वाक्यं झाली असतील, शेजारून आवाज आला, "हं."

मी थांबले. "काय झालं?"

"काही नही. हुंकारा दिला. पोथी ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो. नाहीतर तुम्हाला कसं कळेल, मी जागी शे का झोपली?"

मी पुढे वाचलं. "हं." आणखी वाचलं. "हं." एका ठिकाणी त्यांनी "हं" जरा लांबवलं, तर मला तो परिच्छेद नव्यानेच कळल्यासारखा वाटला. प्रकरण संपलं तेव्हा अक्कांनी हात जोडले. त्या प्रकरणात द्वारकाने सासऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या, तरी जोडले. मग पिशवीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसांत तोंडाला चव म्हणून नव्हती, वरणसुद्धा पत्रा चाटल्यासारखं लागायचं. ती खडीसाखर मात्र गोड लागली. शप्पत.

अक्कांचे कायदे

मग कायदेच सुरू झाले. घरी जाऊन एकटीने पुढचं वाचायचं नाही. हुंकाऱ्याशिवाय वाचायचं नाही. आणि सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही. एकदा सलाईन संपली, सिस्टर सुई काढायला आल्या, तर अक्का त्यांच्यावरच डाफरल्या, "थांबा हो, अध्याय चालू शे!" सिस्टर बिचाऱ्या कापूस हातात धरून उभ्या. आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या बायकाही कान देऊन ऐकायला लागल्या होत्या.

द्वारकाच्या नवऱ्यावर अक्कांचा भारी राग. "हा आला ना परत, तर याला होडीत घ्यायचं नही. पोहत ये म्हणावं!"

"अहो अक्का, त्याचंही काही कारण असेल."

"कारण? कारण काय बाईला नसतं? ती गेली का सोडून?"

आम्ही कडाकडा भांडायचो, त्या नसलेल्या माणसावरून. आणि गंमत सांगते, भांडता भांडता आमच्या तोंडून आमचंच निघायचं. द्वारका अंधारात एकटी होडीत बसलेली असते असं एक प्रकरण होतं. ते संपल्यावर अक्कांनी हात जोडले नाहीत. डोळे टिपत म्हणाल्या, "मला बी भ्या वाटतं, ताई. घरात कुणाला सांगितलं नही. जिभाऊ रडत बसतील." जिभाऊ म्हणजे त्यांचे मालक. गावात त्यांचा एवढा दरारा, पण अक्कांच्या आजाराचं नाव काढलं की उठून कांदा साठवायच्या चाळीत जायचे म्हणे.

मग मीही सांगितलं. हॉलमधल्या गादीचं. मुलीला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं. खाली पुस्तकाकडे बघत सांगितलं, जणू तेही द्वारकाचंच चाललंय. मला वाटलं, आता अक्का एक तर यांना शिव्या घालतील नाहीतर मला समजावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. नुसतं म्हणाल्या, "हं." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

एकदा मी स्टँड ढकलत बाथरूमला जाऊन आले, तर पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्यावर हळदकुंकवाची बोटं! पिशवीत करंडा घेऊन फिरायच्या बाई.

"अक्का! अहो लायब्ररीचं पुस्तक आहे ते!"

"मग काय झालं? लायब्ररीवाल्यांना पुण्य लागेल."

मी इतकी वर्षं कापडात घालवलीत, कुंकू निघत नाही हे मला पक्कं माहीत. मी कपाळाला हात लावला आणि मग जे हसायला आलं ते थांबेना. शेजारची खुर्ची हसली, तिच्या पलीकडची हसली. रिपोर्टच्या दिवसानंतर मी पहिल्यांदा हसले ते असं, कुंकवाच्या डागावरून.

बोटं

पुढे माझ्या बोटांतली जाणीव जायला लागली. औषधाने होतं तसं. गरम कप धरला तरी कळायचं नाही. दुकानात हुक लावायला घेतला, तर सुई बोटात आहे की खाली पडली ते बघावं लागे. आणि एके दिवशी मशीनखाली बोट गेलं. दुखलं नाही. पांढऱ्या अस्तरावर लाल दिसलं, तेव्हा कळलं की हे माझं.

छाती गेली, मी सहन केलं. केस गेले, सहन केलं. पण बोटं? बोटं गेल्यावर शैला नावाचं काय उरतं? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, उपचार संपल्यावर बहुतेक येईल जाणीव परत, पण आत्ता मधेच थांबणं वेडेपणाचं आहे. 'बहुतेक'वर मी कुणाचा ब्लाउजसुद्धा कापायला घेत नाही. मी ठरवून टाकलं. जेवताना यांना सांगितलं, "मी आता सलाईनला जाणार नाही. बास झालं."

यांनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "पुस्तकाचं काय करणार मग?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको मरायला निघालीय आणि या माणसाला लायब्ररीच्या दंडाची पडलीय! ताट तसंच टाकून मी उठले.

सलाईनच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन. "उद्या येताय ना ताई?"

"नाही अक्का." मी बोटांचं सगळं सांगितलं. म्हटलं, आता या मला धीर देणार, आणि दिला की मी फोन ठेवणार.

"बरं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ. पुस्तक तेवढं पाठवून द्या. सिस्टर वाचतील."

सिस्टर! ती पोर गुणाची, पण मराठी अशी वाचायची की औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतेय. तिच्या तोंडून द्वारका? पूल अर्धा झालाय, सासरा अंथरुणाला खिळलाय, आणि हे सगळं तिच्या हातात द्यायचं?

"असं कसं, अक्का? सिस्टरना मागचं काहीच माहीत नाही."

"मग या." आवाज खाली आला. "अध्याय अर्धा सोडाना नही, ताई. पोथीचा बी नही आणि सलाईनचा बी नही."

मी गेले. मला कुणी शूर म्हणतं तेव्हा हे आठवतं. पुस्तक दुसरीच्या हातात जाऊ नये म्हणून गेले, दुसरं काही नाही. यांनी गाडी काढली.

रिकामी खुर्ची

त्याच्या पुढच्या खेपेला शेजारची खुर्ची रिकामी. मला वाटलं, उशीर झाला असेल, लांबून यायचं. सुई लागली, सलाईन सुरू झाली, तरी नाहीत. सिस्टरना विचारलं. त्या माझ्याकडे न बघता स्टँडची कळ फिरवत म्हणाल्या, "लिव्हरमध्ये पसरलंय. घरीच ठेवायला सांगितलंय सरांनी."

पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलं होतं. उघडायचं धाडस होईना. आजूबाजूच्या बायकांनीही वाचा म्हटलं नाही. मनात आलं, ही बाई मला इथे आणून बसवून स्वतः निघाली. राग आला मला अक्कांचा. फार राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांची सून, कविता. "ताई, अक्का विचारतात, पुस्तक आणलंय का? फोन स्पीकरवर ठेवलाय त्यांच्या उशीजवळ."

मी फोन खुर्चीच्या हातावर टेकवला आणि वाचायला लागले. पलीकडून भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी ट्रॅक्टर, आणि मग बारीकसा, "हं." त्या दिवशी माझ्या ओळीतली एकही बाई सलाईन संपल्यावर लगेच उठली नाही.

मग घरूनही वाचायला लागले, दुपारी, फोनवर. कधी रेंज जायची, मी "अक्का? अक्का?" करत बसायचे. एकच अध्याय उरला तेव्हा अक्का म्हणाल्या, "हा फोनवर नही. समाप्ती घरी करायची असते, नैवेद्य करून. तुमची शेवटची सलाईन झाली की या."

मला त्यांचा डाव कळला. मला त्यांनी शेवटच्या सलाईनपर्यंत बांधून घातलं होतं. स्वतःलाही घातलं होतं हे मागाहून कविताने सांगितलं. "ताईंना यायचंय," म्हणत दोन चमचे पेज घ्यायच्या.

शेवटची सलाईन झाली. खोलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, सिस्टरनी पेढा दिला. माझं चित्त सटाण्याला. आणि नेमक्या माझ्या पांढऱ्या पेशी घसरल्या. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उंबरा ओलांडायचा नाही, इन्फेक्शन झालं तर केलेलं सगळं वाया जाईल. मी घरात पिंजऱ्यातल्यासारखी. कविताचे मेसेज यायचे. आज खाल्लं नाही. आज बोलल्या नाहीत. निळं पुस्तक समोर टेबलावर, एक अध्याय शिल्लक. किती सोपं होतं उघडून वाचून टाकणं. नाही वाचला.

डॉक्टरांनी जा म्हटलं त्या सकाळी मी यांना सांगितलं, "मला सटाण्याला जायचंय. एसटीने जाईन."

हे चपला घालत होते. "डिझेल कालच भरून ठेवलंय," म्हणाले.

समाप्ती

पिंपळगाव गेलं, देवळा गेलं. पोचलो तेव्हा अंगणात उन्हाळ कांदा चाळीत भरायचं काम चाललं होतं. बाहेरच्या खोलीत खाटेवर अक्का. त्या ठसठशीत बाईची एवढीशी झाली होती. पाटल्या काढून ठेवलेल्या. पायाशी जिभाऊ. आतून शिऱ्याचा वास येत होता. कविताने कानाशी वाकून सांगितलं, "अक्का, ताई आल्या. पोथी आणलीय." पापण्या हलल्या, पण डोळे उघडले नाहीत.

मी खाटेजवळ बसले, कुंकवाचा डाग वर करून पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली. पूल झालाय, उद्यापासून होडीची गरज नाही. द्वारका शेवटच्या फेरीला निघालीय आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं दिसतंय. दोन-चार वाक्यं झाली आणि मी सवयीने थांबले.

काहीच आलं नाही.

पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले. अक्कांची छाती वरखाली होत होती, तेवढंच. कविताने तोंडात पदर धरलेला. जिभाऊ खाली जमिनीकडे बघत होते. मी तिसऱ्यांदा सुरू केलं आणि पहिल्याच वाक्याला थांबले. हुंकाऱ्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि त्यांचा हुंकारा आता संपला होता. हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. मला वाटलं, पुस्तक मिटावं आणि हात धरून नुसतं बसावं. अर्धा तर अर्धा.

"हं," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. दारात हे उभे होते, चौकटीला धरून. माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"वाच," म्हणाले. "पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं होतं. सासरा असता तर म्हणाला असता, शेवटचं गिऱ्हाईक सोडू नको."

सासरा असं म्हणायचा ते कितीतरी आधीच्या प्रकरणात. मी ते सलाईनच्या खोलीत वाचलं होतं, दाराजवळच्या खुर्चीत, दार उघडं असताना. या माणसाने सगळं ऐकलं होतं. बाहेर बाकड्यावर बसून, पहिल्या पानापासून. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'पुस्तकाचं काय करणार मग' म्हणजे लायब्ररीचा दंड नव्हता. गोष्ट पुढे कशी कळणार, असं विचारत होते. तू अर्धी सोडून कशी जाणार, असं विचारत होते. दुसऱ्या शब्दांत त्यांना विचारता आलं नाही.

मी वाचत गेले. हे बरोबर जागी हुंकारा देत होते, एकही चुकला नाही. पलीकडच्या काठावर द्वारकाचा नवरा उभा असतो, म्हातारा झालेला. कुणीही उतारू मारतो तशी हाक मारतो, होडीऽऽ. द्वारका जाते. त्याला घेते. भर पात्रातून येताना एक शब्द बोलत नाही. काठाला लागल्यावर तो उतरतो आणि ती हात पुढे करते. भाड्यासाठी.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. जिभाऊ म्हणाले, "हासनी ती." हसली. कविताही म्हणाली, हसल्या. मी तर म्हणतेच. कविताने खडीसाखर पाण्यात भिजवून बोटाने त्यांच्या ओठांना लावली आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. हेही जोडून उभे होते.

राहिलेलं

अक्का त्याच आठवड्यात गेल्या. ते पुस्तक मी लायब्ररीला परत दिलं नाही, बदल्यात दुसरंच एक नवीन घेऊन दिलं. माझ्या अंगठ्याला आणि मधल्या बोटाला आता सुई कळते. बाकीच्यांना नाही कळत, कदाचित कळणारही नाही. मी दुकानात जाते, सावकाश शिवते. कवितासाठी दोन ब्लाउज शिवून पाठवले.

तुम्ही बरोबर गोष्टीचं पुस्तक न्या. आजाराचं नको, धीर देणारं नको, नुसती गोष्ट. आणि मनात वाचू नका. शेजारच्या खुर्चीला आधी राग येईल, माझ्यासारखा, पण वाचा. आणि दार उघडं असेल तर जरा मोठ्याने वाचा.

एक सांगायचं राहिलं. सटाण्याहून परत येताना देवळ्याच्या पुढे हे अचानक म्हणाले, "तो द्वारकाचा नवरा. त्याला ती नको होती म्हणून तो आला नाही, असं नसेल."

"मग?"

"घाबरला असेल."

"कशाला?"

हे रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. आम्ही कुणाबद्दल बोलतोय ते दोघांनाही कळत होतं. मग म्हणाले, "मी झोपेत हात टाकतो, तुला माहितीये. त्या टाक्यांवर पडला असता तर? नंतर टाके निघाले. मग तुला काय सांगून परत यायचं, तेच कळेना. त्या दिवशी टपरीवर चहा घेतला ना आपण, तेव्हापासूनच..."

आणि थांबले. माझ्या जिभेवर कायकाय आलं होतं. माझा स्वभाव एव्हाना तुम्हाला कळला असेलच. इतके महिने कुढत काढले होते मी, ऐकवायला भरपूर होतं. पण हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही सांगायला लागला होता आणि मधेच थांबून वाट बघत होता.

"हं," मी म्हटलं.

आणि हे पुढे बोलायला लागले.